कोकणात नेलेले नारळ

वन्सं, काल सकाळी भाजीवाला आला. रोजच्यासारखा फाटकाबाहेरून ओरडला नाही. टोपली पायरीवर उतरवली, डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं आणि म्हणाला, "बाईजी नहीं रहीं, तो अब ‘कोवळी’ किसको बोलूँ?"

मी भेंडी निवडायला बसले. दुसरं काय करणार? भेंडी खरंच कोवळी होती. या माणसाला तुम्ही पहिल्या दिवसापासून "भैया, ये कोवळी है क्या?" असंच विचारत आलात. त्याला कळत नाही, हिंदीत विचारा, असं मी सांगितलं तेव्हा तुमचं उत्तर होतं, "त्याला भाजी कळते ना? मग शब्दही कळेल." आता आपल्या क्वार्टरांच्या अख्ख्या रांगेत तो ‘कोवळी भेंडी’ अशी आरोळी देतो. कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या पंजाबी बाई कोवळी भेंडी घेतात आणि हा शब्द मराठी आहे हे त्यांना माहीतही नाही.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण, हे तुमच्या भावांनी वर्तमानपत्रात द्यायला लिहून काढलं. चार ओळींत बसलं. बरोबर लिहिलंय, मी तपासलं. पण मला लिहायचंय ते त्या चार ओळींत नाही. मला तो एस.टी.चा एक दिवस लिहायचा आहे, कोल्हापूर ते रत्नागिरी. त्या दिवशी मी तुम्हाला पोचवायला निघाले होते, आणि तुम्ही परत येणार नव्हतात.

आधी थोडं मागचं. राज्यांची फेरवाटणी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली कपाटं, फायली, टाइपरायटर आणि कारकून सगळं एकदम हललं. कुणी मुंबई राज्याच्या वाटणीत गेलं, कुणी मध्य प्रदेशच्या. तुमच्या भावांचं नाव भोपाळच्या बाजूला आलं. नागपुरात तुम्ही मुलींच्या शाळेत बाई होतात, पगार मिळवत होतात, सगळं गाव तुम्हाला ओळखत होतं. ती नोकरी सोडून तुम्ही आमच्याबरोबर आलात, कारण एकट्या बाईला तिथे कोण राहू देणार होतं? क्वार्टरचं प्लास्टर अजून ओलं होतं. रस्ते नकाशावर होते, जमिनीवर नव्हते. वारा सुटला की मुरमाची धूळ भाताच्या पातेल्यात. पहिल्या आठवड्यात मी माझ्या सवयीने यादी करून दारामागे लावली: रॉकेल कुठे, दळण कुठे, डॉक्टर कुठे, दूध कुठे. संध्याकाळी पाहते तर तुम्ही खाली तुमच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली होतीत: मराठी कुठे?

उत्तरही तुम्हीच काढलंत. पुढच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि रांगेतली मुलं गोळा केलीत. सगळी हिंदी शाळेत जाणारी. आपली कुसुमच घरी येऊन "आई, मला भूख लगी आहे" म्हणायची. तुम्ही तिला तिथेच अडवायचात. "एक तर पूर्ण मराठीत उपाशी राहा, नाहीतर पूर्ण हिंदीत. अर्धवट भुकेला मी वाढणार नाही." पोर खदखदून हसायची आणि वाक्य नीट करून सांगायची. हिंदीचा तुम्ही कधी राग केला नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. दोन्ही भाषा स्वच्छ हव्यात, हा तुमचा हट्ट. तुमची स्वतःची हिंदी मात्र शेवटपर्यंत नागपुरीच राहिली.

मग महाराष्ट्र झाला. आपल्या रांगेत पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या घरात एकच विषय: आपलं काय? कुणी बदलीचे अर्ज टाकले, कुणी पुण्याला जागा बघायला लागलं. त्यातच रत्नागिरीहून तुमच्या चुलतभावांनी, अप्पांनी, कळवलं की तिथल्या मुलींच्या शाळेत मराठीला बाई हवी आहे. घरात वेगळी खोली देतो, ताई, आता आपल्या राज्यात, आपल्या माणसांत या. नोकरी होती, स्वतःची मिळकत होती, मान होता. भोपाळमध्ये तुमच्याजवळ आमची सतरंजी होती.

तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, तुला काय वाटतं?"

मला जे वाटत होतं ते सांगायचा मला हक्क आहे, असं मला वाटत नव्हतं. एकदा आमच्यासाठी नोकरी सोडलेल्या बाईला दुसऱ्यांदा कसं अडवायचं? मी म्हटलं, "तिकडे हवा दमट असते. लोकरीचं काही नेऊ नका." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "बरं." आणि मी तुमच्या सामानाची यादी करायला घेतली. तुम्हाला ठाऊक आहे, मला काही सुचेनासं झालं की मी यादी करते.

निघायच्या दिवशी शेजारच्या बायका निरोपाला आल्या. माहेरवाशीण घरातून निघाली की तिची ओटी भरायची, हे कुणाला सांगावं लागत नाही. विधवेची भरायची नाही, हेही कुणाला सांगावं लागत नाही. बायका आल्या, बसल्या, डोळे पुसून गेल्या. कुंकवाचा करंडा फडताळातच राहिला. त्या गेल्यावर मी कॅनव्हासच्या पिशवीत पाच नारळ, एक खण आणि तांदळाची पुरचुंडी घातली. ओटी भरता येत नव्हती, तर ओटीचं सामान तरी बरोबर जाऊ दे, एवढाच माझा हिशोब. तुम्ही पिशवी उचलून पाहिलीत. "हे काय गं?"

"असू द्या. वाटेत लागतात."

"कोकणात जाताना नारळ?"

"ऐन वेळी मिळत नाहीत," मी म्हटलं. इतकं निर्बुद्ध वाक्य मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बोललेली नाही.

यांना रजा नव्हती. भोपाळला यांनी आपल्याला बायकांच्या डब्यात बसवलं, पुण्यापासून माझा भाऊ बरोबर आला आणि त्याने सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर रत्नागिरीच्या गाडीत जागा धरून दिली. पुढे आपण दोघीच. तुम्हाला खिडकी, मला पिशवी. दिवाळी नुकतीच झाली होती. गावाबाहेर दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर, आणि कच्च्या गुळाचा वास थेट गाडीत. डाव्या हाताला पन्हाळा दिसला तशी तुम्ही मान बाहेर काढलीत. कंडक्टर म्हणाला, "बाई, मान आत घ्या, गड कुठं जात नाही." तुम्ही मान आत घेतलीत, पण गड दिसेनासा होईपर्यंत वळून बघत राहिलात. मुलांना इतकी वर्षं हे नाव शिकवलं, पाहिलं मात्र आज, असं म्हणालात.

तिकिटं देताना कंडक्टरने विचारलं, कुठून आलात? भोपाळहून, मी सांगितलं.

"लांब की. तिकडं मराठी बोलतात व्हय?"

"बोलतात," तुम्ही म्हणालात. "मी शिकवते."

मी पुढे बघत होते, पण ऐकत होते. शिकवत होते, असं तुम्ही म्हणाला नाहीत.

मलकापूरला चहा झाला. त्यानंतर रस्ता चढायला लागला, शेतं मागे पडली आणि झाडी दाट झाली. गाडीतला गारवा वाढला. आंबा गाव गेलं, आणि एका वळणावर डावीकडची जमीन एकाएकी संपलीच. नागपूर सपाट, भोपाळला आपल्या टेकड्या. जमीन अशी संपते हे आपल्याला कुठे माहीत? खाली खोल दरी, दरीतून वर येणारं धुकं, त्यापलीकडे एकामागे एक निळ्या डोंगरांच्या रांगा, शेवटची तर आभाळाहून वेगळी काढता येत नव्हती. वाळायला लागलेलं सोनेरी गवत कड्यांवरून खाली लोंबत होतं. तुम्ही माझा हात धरलात. पडायच्या भीतीने नव्हे. एखादी गोष्ट नीट वाचून झाल्याशिवाय कुणी पान उलटू नये म्हणून धरतो तसा. "वहिनी, घरी गेल्यावर आपल्या टेकड्यांना आपण टेकड्याच म्हणायचं," असं म्हणालात. आणि मग लक्षात आल्यासारखं गप्प झालात, कारण घरी एकटी मी जाणार होते.

मला तेव्हाच बोलायचं होतं. जाऊ नका, एवढे दोन शब्द. मी पाण्याची बाटली काढून तुमच्यापुढे धरली.

घाट उतरताना ते झालं. ड्रायव्हरने एक अवघड वळण घेतलं, पायाशी ठेवलेली पिशवी कलंडली, तिचा बंद सुटला आणि पाचही नारळ गाडीभर गडगडत सुटले. एक सीटखाली, एक कोंबड्यांच्या खुराड्याशी, एक थेट ड्रायव्हरच्या पायाशी. कोंबड्या ओरडल्या, एक तान्हं मूल रडायला लागलं, कंडक्टर वाकून बघतोय तो नारळ.

"नारळ? रत्नागिरीला नारळ घेऊन निघालाय?"

मग जे हसू उसळलं गाडीत! पलीकडच्या बाकावर ठसठशीत कुंकू लावलेल्या एक कोकणातल्या आजी होत्या, त्यांना तर हसता हसता ठसका लागला. "अहो, आमच्याकडे नारळ डोक्यात पडतात, आणि तुम्ही पिशवीत भरून आणताय!" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही मात्र सगळ्यांबरोबर हसत होतात. पिशवीची शिवण उसवली होती, म्हणून पदर पुढे पसरलात आणि म्हणालात, "आणा इकडे. जड आहेत, जपून."

माणसं उठली. लग्नाला निघालेला एक जण, एक पोलीस, तान्ह्या मुलाची आई. एकेकाने एकेक नारळ आणून तुमच्या पदरात ठेवला. ड्रायव्हरने पुढच्या वळणावर घुमटीपाशी गाडी थांबवली, तिथे घाटातल्या देवाला रोजच हात जोडायचे असतात. तो आपल्या पायाशी आलेला नारळ घेऊन उठला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तो देवाला द्या." शेवटचा नारळ आजींच्या पायाशी होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी पदरात ठेवला आणि सवयीनेच बोलून गेल्या, "भरली हो ओटी."

मग त्यांनी वर बघितलं. तुमचं कपाळ त्यांना तेव्हा दिसलं. गाडीतलं हसू हळूहळू विरलं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "भरली तर भरू दे, आजी."

आजींनी कमरेची चंची सोडली, आतून एक सुपारी काढली आणि नारळांवर ठेवली. "नुसत्या नारळांनी नाही भरत," त्या म्हणाल्या. आणि जागेवर बसून खिडकीबाहेर बघायला लागल्या, जसं काही झालंच नाही.

मी तांदळाची पुरचुंडी काढून दिली नाही. माझे हात हलले नाहीत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पिशवीकडे पाहिलंत, आणि ते सामान कशासाठी होतं ते तुम्हाला कळलं, हे मला कळलं. बाहेर ड्रायव्हरने नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. आजींनी चावून पाहिलं. "भोपाळचा ना? खवट नाही, एवढंच म्हणेन."

पुढचा सगळा रस्ता तुम्ही पदर आवरून तशाच बसलात. साखरपा, पाली, हातखंबा. तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, कापणी झालेल्या भाताच्या पायऱ्या, कौलांवर वाळत टाकलेलं काहीबाही. हवा बदलली, अंगाला चिकटायला लागली. लोकरीचं न नेण्याबद्दलचा माझा सल्ला अगदी योग्य होता, हे नमूद करते. दुपार कलताना एका चढावर कंडक्टर म्हणाला, "बाई, ती बघा रेघ." समोर आभाळाच्या खाली एक चकाकती रेघ होती. तुम्ही काही बोलला नाहीत. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाने काहीतरी बोलायचं असतं म्हणून बोलणं, हे तुमच्यात नव्हतं.

अप्पांच्या अंगणात पोचलो तर पडवीत सोललेल्या नारळांचा ढीग, माझ्या कमरेइतका. तुम्ही पदरातले चार घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिलात आणि इतकं हसलात की पायरीवर बसावं लागलं. अप्पांना वाटलं, ताईंना प्रवासाचा शीण झाला.

दुसऱ्या दिवशी अप्पा आपल्याला शाळा दाखवायला घेऊन गेले. चांगली शाळा, मला तर फार आवडली. मुख्याध्यापक सभ्य, वर्ग स्वच्छ. तुम्ही मागच्या बाकावर बसून एक तास ऐकलात. मुली कविता म्हणत होत्या, स्पष्ट, खणखणीत. एकीची वही तुम्ही चाळलीत, परत केलीत, तिच्या डोक्यावर हात ठेवलात. संध्याकाळी आपण दोघी समुद्रावर गेलो. परत जाणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली आणि तुम्ही एकदम लहान मुलीसारख्या किंचाळलात, आणि मग स्वतःलाच हसलात. सूर्य पाण्याला टेकला.

"चांगली आहे शाळा," तुम्ही म्हणालात.

"चांगलीच आहे."

"मुलींचं मराठी माझ्याहून चांगलं आहे. त्यांना कुणीही शिकवेल. इथे मी येऊन मराठी शिकवणं म्हणजे वहिनी, तुझे ते नारळ."

मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "पण इथे पगार आहे. मान आहे. तिकडे काय आहे?"

"तिकडे लागतात," तुम्ही म्हणालात. "तूच म्हणालीस ना, ऐन वेळी मिळत नाहीत."

वन्सं, माझ्या सगळ्यात निर्बुद्ध वाक्याचं तुम्ही एवढं मोठं काही करून ठेवलंत. मी त्यावर काय बोलले? मी म्हटलं, मग परतीची तिकिटं उद्याच काढायला हवीत, गर्दी असते. तुम्ही म्हणालात, "काढ."

अप्पांना वाईट वाटलं, पण ते चिडले नाहीत. जाताना त्यांनी आपल्याला दहा नारळ बांधून दिले. भोपाळला नेण्यासारखे ते खरे नारळ.

त्यानंतरचं भोपाळला सगळ्यांना माहीत आहे. व्हरांडा अपुरा पडला म्हणून शेजारच्या शाळेने दुपारनंतर एक खोली दिली. मराठी मुलं येत होतीच, मग त्यांचे हिंदी मित्रही यायला लागले, कारण गोष्टी तुम्ही रंगवून सांगायचात. पगार तुम्हाला शेवटपर्यंत कुणी दिला नाही. परवा तुम्हाला न्यायला ती सगळी मुलं आली होती, त्यातल्या काहींना आता मिसरूड फुटलंय. एकाने मला स्वच्छ मराठीत विचारलं, "काकू, आम्ही खांदा देऊ का?" त्याचे वडील बिलासपूरचे आहेत. तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला अभिमानच वाटला, आणि मी तो लपवला नाही.

आपला एक वाद राहिला. यांच्या निवृत्तीनंतर पुण्याला जायचं की इथेच राहायचं? माझे मुद्दे तुम्ही ऐकलेत: कुसुमचं लग्न, दवाखाने, आपली माणसं. तुमचा मुद्दा एकच होता, की आपली माणसं कोण ते आधी ठरव. मी त्याचं उत्तर तयार करत होते. आता ते कुणाला देऊ? भाजीवाल्याचं ‘किसको बोलूँ’ कालपासून माझ्या कानात आहे, त्याचं हे कारण.

आणि एक काम राहिलं होतं. घाटात ज्यांनी तुमची ओटी भरली ते सगळे परके होते. घरचं माणूस मी एकटी, आणि पुरचुंडी माझ्याजवळच राहिली. पुढच्या वेळी निघाल तेव्हा भरायची, असं मी ठरवलं होतं. पण ओटी निघणाऱ्या बाईची भरतात, आणि तुम्ही त्यानंतर भोपाळ सोडून कुठे निघालाच नाहीत. एवढी वर्षं प्रसंगच आला नाही.

परवा आला.

तुम्हाला न्हाऊ घालून, धुवट लुगडं नेसवून झालं होतं. मी आत जाऊन खण, नारळ, तांदूळ, सुपारी घेऊन आले आणि तुमच्या पदरात घातलं. दोन्ही हातांनी, त्या आजींनी घातलं तसं. शेजारच्या काकू पुढे आल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. हळूच म्हणाल्या, "अहो, असं नसतं करायचं. त्या विधवा."

"माझ्या यादीत आहे," मी म्हटलं.

तुमचे भाऊ दारात उभे होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. काकू मागे सरकल्या. मग त्याच पुन्हा पुढे आल्या आणि पदराचं टोक सुटत होतं ते त्यांनी नीट खोचलं.

ओटी भरल्यावर जे म्हणायचं असतं, ते मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: वन्सं, पुन्हा या.